मदत हवी आहे: खिळ्यांचा (म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांचा) छापखाना आहे का कोणाकडे?

मंडळी, आपल्या इंदूरच्या टॉकीजमध्ये रविवारी वर्तमानपत्रावरचा मराठी सिनेमा लागतोय, एकच शो, आणि प्रमोशन आलंय आमच्या गळ्यात. ठरलंय असं की सकाळी पोहे-जिलबीच्या दुकानांपुढे पोरं सायकलवरून ओरडत दोन पानी अंक वाटतील, मागे तिकिटाचं कूपन. मांडणी १८३२च्या 'दर्पण' या पहिल्या मराठी वर्तमानपत्रासारखी, एक कॉलम मराठी एक इंग्रजी, तो तसाच निघायचा ना. पण कॉम्प्युटरवर काढला तर थेट लग्नपत्रिका दिसतेय हो! कोणाकडे जुने खिळे, निदान लाकडी ब्लॉक पडलेत का? आणि कागद रस्त्यावर पडले तर आपल्या गावात दंड ठरलेला, म्हणून मागे दोन पोरं पोतं घेऊन ठेवू का? शुक्रवारपर्यंत कळवा प्लीज.