मदत हवी आहे: पाणी गरम येतंय पण मीटर पळतोय, हीट पंप बिघडलाय हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावात अनगोळला राहतो. गच्चीवर २०० लिटरचा हीट पंप वॉटर हीटर बसवून ४ वर्षं झाली. आत्तापर्यंत काही तक्रार नव्हती. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने ढगच असतात, सोलर काय तापणार, म्हणून हे घेतलं. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतं आणि साध्या गीझरच्या साधारण एक तृतीयांश करंट घेतं, असं सांगून दिलेलं आणि खरंच तसं चालायचं.

आता प्रॉब्लेम असा की गेल्या वर्षी जानेवारीत आमचे १९० युनिट होते, यंदा ३१५ आलेत. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) २०० युनिटच्या आत होतो तोवर काही वाटत नव्हतं, पण २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं, त्यामुळे आकडा बघून धस्स झालं. ज्यांनी मशीन बसवलं त्यांच्या माणसाला बोलावलं, तो गच्चीवर पाच मिनिटं थांबला, खाली येऊन नळ सोडला आणि म्हणाला, "पाणी गरम येऊलालंय न्हवं, मग मशीन चांगलंच हाय की वो मावशी, घरात बाळंतीण हाय, पाणी जास्त लागूलालंय." आता हेही खरंय की लेक बाळंतपणाला आलेय, बाळाची अंघोळ, तिचं शेक-शेगडी, कपडे, सगळं वाढलंय. पण सव्वाशे युनिट? माझ्या मनाला पटत नाही.

मी काय काय बघितलं ते सांगते. पहाटे ४ ला मशीन चालू होतं, पूर्वी ७ ला बंद व्हायचं, आता ८ वाजून जातात. पंख्यासमोर हात धरला तर पूर्वी फ्रिज उघडल्यासारखी गार हवा लागायची, आता नुसती हवा. आवाज तर येतोय, म्हणजे कॉम्प्रेसर चालूच आहे ना? आणि मागच्या जाळीत खालच्या दोनच नळ्यांवर पांढरा बर्फ धरतोय, बाकी सगळी कोरडी. थंडीमुळे असं होतं का? सकाळी १४ डिग्री असतंय इकडे. घरात ओली बाळंतीण आणि महिन्याचं बाळ, ऐन वेळी गार पाणी आलं तर काय करू, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद, निपाणी:
ताई, मी एसी-फ्रिजचं काम करतो. नळाला गरम पाणी येतंय यावरून काहीच कळत नाही, कारण टाकीत बॅकअपची कॉइल असते, गीझरसारखी विजेवर तापणारी. पंप कमी पडला की ती चालू होते आणि तुमचा हीट पंप गुपचूप साधा गीझर होतो. पाणी जास्त वापरलं तर मशीन जास्त तास चालेल, पण तासाला करंट तेवढाच घेणार, फरक इथेच कळतो. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, फक्त हे चालू ठेवून एका तासाचं मीटर रीडिंग घ्या. मग मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या वॅटशी ताडून बघा.

बर्फाचं म्हणाल तर थंडीत सगळ्या जाळीवर पातळ दव गोठणं आणि मशीनने थोड्या वेळाने ते स्वतःच वितळवणं हे नॉर्मल आहे. जाळी धुळीने चोंदली असेल तर बर्फ सगळीकडे धरतो. सुरुवातीच्या एक-दोन नळ्याच गोठल्या आणि पुढची कोरडी राहिली की बहुतेक मशीनच्या नळ्यांतून फिरणारा गॅस कमी असतो. आधी एमसीबी पाडून जाळी धुऊन घ्या, साध्या पाण्याने, प्रेशर मारू नका, पत्र्याच्या पाती वाकतात. आणि तांब्याच्या नळीच्या जोडावर तेलकट काळी धूळ चिकटलीय का बघा. आतलं कव्हर मात्र उघडू नका.

धागाकर्ती:
दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. लेकीला आणि बाळाला आवरून झाल्यावर ११ ला सगळं बंद करून बसले. तासाला १.९ युनिट, म्हणजे १९०० वॅट! प्लेटवर पंपाचे ६५० वॅट आणि बॅकअपचे १५०० लिहिलेत, म्हणजे बॅकअप चालूच आहे की. जाळी धुतली, चिंचेचा पालाच पाला निघाला, तरी दुसऱ्या दिवशी त्याच दोन नळ्यांवर बर्फ. आणि बाहेरच्या कोपऱ्यातल्या जोडाला बोट लावलं तर काळं तेल लागलं, पदराला पुसलं तर डाग अजून गेला नाही.

परत फोन केला तर आता म्हणतात की गॅस भरून देतो, दर दोन वर्षांनी भरावाच लागतो. असं असतंय का?

प्रतिसाद, निपाणी:
नाही ताई. गॅस काय पेट्रोल आहे का संपायला. बंद नळीतून तोच फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि तुमच्या बोटाला लागलं तेच गळतीचं तेल. नुसता भरून घेतला तर काही महिन्यांत परत तेच. त्यांना स्पष्ट सांगा: नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट, जोड पक्का, मग व्हॅक्यूम (नळीतली हवा ओढून काढणं), आणि शेवटी प्लेटवर लिहिलेत तेवढे ग्रॅम काट्यावर मोजून गॅस. प्लेटवर गॅसचं नाव आर २९० लिहिलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, त्याचं काम येणाराच माणूस मागा, जवळ शेगडी-आग नको.

धागाकर्ती:
आमच्यात आर १३४ए लिहिलंय. तुमचं वाक्य न वाक्य कागदावर लिहून त्यांना फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा कुठे उद्या ९ ला नायट्रोजनचा सिलिंडर घेऊन येतो म्हणाले. तोवर मशीन तसंच चालू ठेवू का?

प्रतिसाद, निपाणी:
नको. येणाऱ्या गार गॅसनेच कॉम्प्रेसर थंड राहतो, गॅस कमी असताना चालवला तर तो तापून जळेल आणि मग खर्च कितीतरी वाढेल. पॅनलवर 'फक्त हीटर' असा मोड असतो, त्यावर टाका, म्हणजे पंप बंद राहून नुसती बॅकअपची कॉइल चालेल. एका रात्रीत चार-पाच युनिट जास्त जातील, जाऊ देत, बाळाला पाणी मिळेल.

धागाकर्ती:
टाकलं. पंखा बंद झालाय, हिरवा दिवा जाऊन नारिंगी लागलाय. उद्या काम झालं की परत तासाचं रीडिंग घेऊन इथेच टाकते.