मिंटवरून विंडोजचा शेअर्ड फोल्डर उघडत नाहीये, सल्ला हवा

नवा_मिंटवाला: बाबांच्या विंडोज १० पीसीवर कुलवृत्तांताचा फोल्डर आहे, शेअर केलाय. माझ्या लिनक्स मिंटच्या लॅपटॉपवर दिसतो, पण उघडायला गेलं की पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतो. बाबांनी पासवर्ड ठेवलेलाच नाही, पीसी लावला की थेट डेस्कटॉप. वायफाय एकच. विकत काहीही घ्यायचं नाहीये.

घाटमाथा: नॅस (नेटवर्कला जोडलेली, फाइली ठेवायची पेटी) घ्या. माझा तीन वर्षं अखंड चालू आहे, टीव्हीसुद्धा त्यालाच जोडलाय.

दुकानदार७: विंडोजमध्ये एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली शेअर करायच्या पद्धतीची जुनी आवृत्ती) चालू करा, लगेच उघडेल. मी तेच केलं.

रात्रपाळी: असं सांगू नका हो! २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम एसएमबी १ मधल्या त्रुटीतूनच पसरला. मिंटला एसएमबी ३ व्यवस्थित येतं.

दुकानदार७: माझा जुना स्कॅनर एसएमबी १ शिवाय फाइल पाठवतच नाही. नवा घ्यायला पैसे कुठून आणू?

कोकणी_पेंग्विन: स्कॅनरचा वेगळा धागा काढा. इथे अडचण रिकाम्या पासवर्डची आहे. तसल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. पिनही चालत नाही. शेअरसाठी वेगळं लोकल (फक्त त्याच पीसीवरचं) खातं काढून त्याला पासवर्ड द्या. परवानगी 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' दोन्ही टॅबमध्ये द्या. मी एकाच ठिकाणी दिली होती, अख्खा रविवार 'परमिशन डिनाइड' बघण्यात गेला.

घाटमाथा: नॅसमध्ये ही कटकटच नसते.

रात्रपाळी: पेंग्विन म्हणतात तेच, वेगळं खातं काढा. आणि एफएसटॅबमध्ये (लिनक्स बूट होताना काय काय जोडायचं त्याची फाइल) कायमचं टाकणार असाल तर 'नोफेल' (जोडलं नाही तरी पुढे जा) लिहाच. मी विसरलो होतो. समोरचा पीसी बंद होता आणि माझा लॅपटॉप बूट होताना अडकून बसला. फाइलींची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन आली तर त्याच ओळीत 'आयओचारसेट=यूटीएफ८' जोडा.

नवा_मिंटवाला: सगळ्यांचे आभार. वेगळं खातं काढलं आणि फोल्डर उघडला! पण आता पीसी लावल्यावर दोन नावं येतात. बाबा पंधरा मिनिटं तिथेच थांबले होते, चुकीचं दाबलं तर लिहिलेलं जाईल या भीतीने. मग ते खातं काढून टाकलं आणि उलटं केलं, म्हणजे शेअर आता माझ्या लॅपटॉपवरून. मिंटवर सांबा (लिनक्सवरून विंडोजला फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम) टाकला, 'एसएमबीपासडब्ल्यूडी' कमांडने त्याचा पासवर्ड ठेवला, आणि विंडोजमध्ये तो एकदाच देऊन झेड ड्राइव्ह जोडला. बाबा आता तिथेच सेव्ह करतात.

कोकणी_पेंग्विन: लॅपटॉप बाहेर नेलात तर?

नवा_मिंटवाला: त्या दिवसापुरतं त्यांच्याच डेस्कटॉपवर. घरी आल्यावर मी हलवतो.