सुराबायात स्वस्त खोली कुठे घ्यावी?

कोथरूडकर: आईला घेऊन इंडोनेशियातल्या सुराबायाला चाललोय, पुढे ब्रोमो ज्वालामुखी बघायला. आई पक्की शाकाहारी. तांजुंग पेराक बंदराजवळ स्वस्त खोली घेऊ का?

पेठेतला: बंदराजवळ नको, गुबेंग स्टेशनजवळ बघा. मी तिथे तीन रात्री काढल्या. बुकिंग करताना खिडकी आहे का विचारा. माझ्या खोलीला होती, उघडली की हातभर अंतरावर भिंत! गरम पाणी नाही. बादली आणि दांडीचा मग, म्हणजे आपलंच घर. खरी गोम खाण्यात. गादो-गादो, म्हणजे भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, शाकाहारी दिसतं, पण चटणीत बऱ्याचदा तेरासी असते, कोळंबी आंबवून केलेली. ‘तानपा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, असं म्हणा, दोनदा म्हणा.

औंधवासी: चार्जरला दोन गोल पिनांचा प्लग लागतो.

कोथरूडकर: आभार! आईने मेतकुटाचा डबा आत्ताच बाहेर काढला.