‘रीबूट’ला मराठीत काय म्हणायचं? (मालिकेचं आणि मशीनचं)

सातपुडा४२: जळगावच्या एका दिवाळी अंकासाठी लेख चाललाय. विषय विज्ञानपटांतले नट आणि घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स. एका परिच्छेदात ‘रीबूट’ दोनदा येतो, दोन अर्थांनी. आधी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अंतराळमालिकेचं: १९७८ साली त्यातलं स्टारबक हे पात्र म्हणजे डर्क बेनेडिक्ट, २००३ला केटी सॅकहॉफ. लगेच पुढे ‘पेनड्राइव्ह लावून मशीन रीबूट करा’. संपादकांनी दोन्हीकडे ‘पुनरारंभ’ केलंय. मला दोन्हीकडे खटकतंय. सुचवा.

शुद्धमती: खटकण्यासारखं काय आहे? ‘दिग्दर्शक’सुद्धा सावरकरांनी दिला तेव्हा कृत्रिमच वाटला असेल. वापरला की रुळतो.

भुसावळ_जंक्शन: रुळेल, पण चुकीच्या रुळावर. रीस्टार्ट आणि रीबूट एक नाहीत. छपाई अडली तर कप्स ही छपाई सांभाळणारी एवढी एक सेवा पुन्हा सुरू करतात, बाकी मशीन चालूच राहतं. नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) टाकला की मात्र अख्खं मशीन खाली बसवून परत उभं करावं लागतं. दोन्हीला पुनरारंभ म्हटलं तर प्रिंटर अडला म्हणून लोक मशीन बंद करत बसतील.

शुद्धमती: मग ‘बंद करून चालू करा’ लिहा. त्याहून सोपं काय?

भुसावळ_जंक्शन: तेही नाही! विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर ‘शट डाउन’ने मशीन पुरतं बंद होतच नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि चालू केल्यावर तीच परत वाचतं. पेनड्राइव्हवरून काम सुरू करायचं तर ‘रीस्टार्ट’च दाबायचं आणि एफ१२ धरायचं (काही कंपन्यांत एफ९ किंवा एस्केप). शिवाय ते फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, नाहीतर लिनक्समधून डिस्कवरच्या विंडोजच्या विभागावर लिहिता येत नाही, नुसतं वाचता येतं.

केळीबाग: शब्द आपल्याकडे आहे, कोणी कोशात शोधत नाही एवढंच. उचलणे. दुकानात काय म्हणतात? ‘मशीन पेनड्राइव्ह उचलत नाही.’ शेतात अहिराणीत काय म्हणतात? ‘मोटर पानी उचली नही ऱ्हायनी.’ क्रियापद एकच, आणि ते उगाच नाही. काठावरचा पंप कोरडा फिरवला तर नुसती हवा घुसळतो. पाणी उचलायला आधी पंपात आणि नळीत पाणी भरावं लागतं. नळीच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, गळका असला की रात्रीतून ते उतरतं आणि सकाळी पुन्हा बादली आली. संगणकाचंही तेच: डिस्कवरून प्रोग्रॅम आणायला मेमरीत आधी एक प्रोग्रॅम लागतो. तो बोर्डावरच्या चिपमध्ये भरून ठेवलेला असतो.

इंग्रजी शब्दही तिथूनच आलाय. ‘बूटस्ट्रॅप’ म्हणजे बुटाच्या मागची पट्टी, ती धरून स्वतःलाच वर उचलायचं. म्हणजे उचलणं मूळ शब्दातच होतं, आपण फक्त बूट ठेवून घेतला.

शुद्धमती: उचलणे! आणि उचल्या, उचलेगिरी? ऊसतोडीची उचल? ‘पेनड्राइव्ह उचला’ वाचून माणूस तो खिशात टाकेल.

भुसावळ_जंक्शन: 😄 शिवाय यावल-रावेरकडे आता सबमर्सिबल. ती पाण्यातच बुडालेली, तिला कोण बादली ओततं?

केळीबाग: तापीकाठी मोनोब्लॉक, म्हणजे काठावरचे पंप, आहेत अजून. आणि बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल म्हणजे फूटव्हॉल्व्हच समजा.

भुसावळ_जंक्शन: इथे उपमा गळायला लागली. सेल उतरला तरी चिपमधला प्रोग्रॅम जागेवर असतो. वीज गेली की तारीख मागे जाते आणि बऱ्याच जुन्या बोर्डांवर बूटचा क्रमही (आधी डिस्क की पेनड्राइव्ह) विसरला जातो. मग एपीटी, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅम उतरवून घेणारं साधन, म्हणतं ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’, आणि लोक इंटरनेटला शिव्या देतात. लोडशेडिंगच्या गावात ३ व्होल्टचा तो सेल आधी बदला.

आणि ‘उचलत नाही’ची खरी कारणं लेखात द्या. आयएसओ (लिनक्सची उतरवलेली फाइल) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर चालत नाही, डीडी या आज्ञेने किंवा तशा साधनाने लिहावी लागते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह बहुतेकांना पुरतो. डीडीला ‘एसडीबी’ (अख्खा पेनड्राइव्ह) द्यायचं, ‘एसडीबी१’ (त्याचा एक विभाग) नव्हे; विभागावर लिहिलं तर मशीनला सुरुवातच सापडत नाही. त्याआधी एलएसबीएलके ही डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा चालवून आकार पाहा. चुकून ‘एसडीए’ दिलंत तर घरची डिस्क साफ, आणि डीडी ‘खात्री आहे का’ असं विचारत नाही.

तिसरी_घंटा: मालिकेचं कोणी बोलतंच नाहीये. नाटकाच्या जाहिरातीत शब्द तयार आहे: ‘नव्या संचात’.

सातपुडा४२: नव्या संचात म्हणजे नाटक तेच, नट वेगळे. ते ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेला बसतं: १९६६ला डॉक्टरच्या भूमिकेतला विल्यम हार्टनेल जाऊन पॅट्रिक ट्राउटन आला, गोष्ट पुढे चालू. गॅलॅक्टिकात गोष्टच पहिल्यापासून.

तिसरी_घंटा: मग ‘डाव नव्याने मांडला’. आणि २००९चा ‘स्टार ट्रेक’ चित्रपट? स्पॉक या पात्रात झॅकरी क्विंटो, पण म्हातारा स्पॉक मूळ मालिकेतला लेनर्ड निमॉयच.

भुसावळ_जंक्शन: तो वॉर्म बूट. वीज तोडलीच नाही.

सातपुडा४२: मालिकेला ‘डाव नव्याने मांडला’ घेतो. मशीनचं अजून अधांतरी. अंक परवा छापायला जातोय.

शुद्धमती: एक राहिलं. सगळे ‘तो पेनड्राइव्ह’ लिहिताहेत. ड्राइव्ह स्त्रीलिंगी नाही का? ‘मोहीम’वरून?

केळीबाग: मोहीम कुठून आली इथे? आमच्याकडे ‘ते पेनड्राइव्ह’.

तिसरी_घंटा: धुळ्यात ‘ती’. चावी ती, म्हणून.