हॉकर ८५०एक्सपी की सायटेशन एक्सएलएस? उडवणाऱ्यांनीच सांगा

उलवे_एफओ
नमस्कार मंडळी. मी किंग एअर बी२०० वर को-पायलट आहे, विमान खाजगी कंपनीचं, मालकांचं ऑफिस वागळे इस्टेटला. आता साहेबांच्या डोक्यात जेट शिरलंय. ब्रोकरने दोन नावं दिलीत, जुनं हॉकर ८५०एक्सपी नाहीतर सायटेशन एक्सएलएस, आणि साहेबांनी मला आणि आमच्या कॅप्टनना विचारलंय की तुम्ही काय म्हणता. आम्ही दोघंही टर्बोप्रॉपवाले (पंख्याच्या विमानाचे), काय कप्पाळ म्हणणार! आमची फ्लाइंग म्हणजे जळगाव आठवड्यातून एकदा-दोनदा, दिल्ली, कोइम्बतूर, कधीतरी दुबई, आणि साहेबांना सिंगापूर पण करायचंय (वर्षातून एकदा झालं तरी खूप). ब्रोशर वाचून झालंय, रोजच्या वापरात कसं आहे ते सांगा.

घोडबंदर_४१०
हॉकरवर बरीच वर्षं काढलीयेत म्हणून लिहितो. हॉकर म्हणजे आपली एसटी, दिसायला जुनाट पण कुठेही घाला आणि माणसं भरा, तक्रार नाही. मूळ डिझाइन डी हॅविलँडचं, १९६२ मध्ये पहिल्यांदा उडालं, मग हॉकर सिडली, ब्रिटिश एरोस्पेस, रेथिऑन असं हातोहात फिरत आलं, त्यामुळे कॉकपिटमध्ये काही स्विच असे ठेवलेत की बसवणाऱ्याला भेटायची इच्छा होते. पण हाताला भक्कम लागतं. इंजिन गेलं तर रडर बायस स्वतःच पाय देतो, म्हणजे दोन इंजिनांच्या ब्लीड एअर (इंजिनातून काढलेली दाबाची हवा) प्रेशरमधला फरक रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, ढकलतो, सिम्युलेटरमध्ये पहिल्यांदा व्ही-वन कट (टेकऑफच्या निर्णायक वेगाला एक इंजिन बंद) केलास की कळेल. उतरल्यावर एअरब्रेकचा लिव्हर गेटच्या पुढे ओढला की लिफ्ट डंप, म्हणजे पंखांची उचल संपते, फ्लॅप पार ७५ डिग्रीपर्यंत खाली जातात आणि विमान जमिनीला चिकटून बसतं. पावसाळ्यात ओल्या रनवेवर हे सोनं आहे.
केबिन ५ फूट ९ इंच, फ्लोअर सपाट, रुंदीला सहा फूट. साहेब लोक याच्यावरच भाळतात. सिंगापूर म्हणशील तर मुंबईहून साधारण २,१०० नॉटिकल माइल, हॉकरला चार-पाच माणसांत जमतं, वारा बघायचा. एक्सएलएसला नॉनस्टॉप विसर.
वाईट काय ते पण ऐक. फुल वेटला उन्हाळ्यात वर जायला कंटाळा करतं, सरळ ३९० (म्हणजे ३९,००० फूट) मागितलंस तर एटीसीसमोर (हवाई वाहतूक नियंत्रण) लाज जाईल, ३५०-३७० ला थांबून फ्युएल जाळायचं मग वर. पहिल्या तासाला २,००० पाउंड धर, नंतर १,५०० च्या आसपास.

वाशीवाली
सर बरोबर बोलतायत पण सिंगापूर वर्षातून एकदा आणि जळगाव दर आठवड्याला, मग विमान कुणासाठी घ्यायचं? मी एक्सएलएस उडवते. जळगावचा रनवे १,७०० मीटर म्हणजे साडेपाच हजार फुटांच्या जरा वर. हॉकरला मॅक्स वेटला, समुद्रसपाटी आणि स्टँडर्ड टेंपरेचरला ५,००० फूट लागतात, आता मे महिन्यात ४३ डिग्रीला बॅलन्स्ड फील्ड (इंजिन गेलं तरी उडायला किंवा थांबायला पुरेल अशी रनवेची लांबी) काढून बघा काय येतं. एक्सएलएसचा तोच आकडा ३,५६० फूट आहे. म्हणजे उन्हात वाढला तरी हातात जागा राहते, दुपारी दोनला मीटिंग संपली तर संध्याकाळपर्यंत थांबावं लागत नाही.
स्पीडवर जाऊ नका. हॉकर जास्तीत जास्त मॅक ०.८० (आवाजाच्या वेगाच्या ८० टक्के), आमचं ०.७५, मुंबई-दिल्लीला फरक पडतो काही मिनिटांचा, तेवढा वेळ तर सांताक्रूझला टॅक्सीवेवर बसून जातो. आणि आम्ही बऱ्याच वेळा सरळ ४१०-४३० ला जातो, ट्रॅफिकच्या वर. (पावसाळ्यातली सीबी, म्हणजे गडगडाटी ढग, त्याच्याही वर असते, तिथे कोणतंच जेट शहाणं नाही, वळून जायचं.)
बॅगा हा विषय कुणी काढत नाही. एक्सएलएसला मागे बाहेरून ८० क्युबिक फुटांचा डबा आहे, सगळ्यांच्या सुटकेस जातात, फक्त उडताना हात पोचत नाही. हॉकरमध्ये सामान आत, दरवाज्यासमोर रचायचं. आठ माणसं आणि लग्नाचं सामान असं एकदा करून बघा. मात्र आमच्याकडे मधली वाट खोलगट आहे, तिथेच काय ते उभं राहता येतं, ५ फूट ८ इंच, त्यामुळे उंच साहेब कुरकुर करणार.

घोडबंदर_४१०
ताई, जळगावला फुल टँक घेऊन कोण निघतं? मुंबईपासून १९० नॉटिकल माइल. जाऊन-येऊन आणि डायव्हर्जनचं (दुसऱ्या विमानतळावर वळावं लागलं तर) फ्युएल घातलं तरी १०,००० पाउंडांच्या टाकीतलं अर्धंच लागतं, तेवढ्यात हॉकर आरामात निघतं. अडचण तेव्हा येते जेव्हा साहेब जळगावला बसून म्हणतात आता इथूनच दुबई. तेव्हा तुमचं एक्सएलएस भारी, कबूल.

स्पॅनर_ऐरोली
उडवणारे आपापल्या बायकोचं कौतुक करणारच 😄 मी एएमई (विमान दुरुस्तीचा इंजिनिअर), खालून बघतो. हॉकरची इंजिनं टीएफई७३१-५बीआर, २,१०० तासांना एमपीआय आणि ४,२०० ला कोअर झोन (दोन्ही इंजिनाच्या मोठ्या तपासण्या), ते बिल बघून मालक पाणी मागतात, म्हणून इंजिनं एमएसपीवर (इंजिनाच्या देखभालीचा करार) आहेत का हा पहिला प्रश्न. नसतील तर स्वस्त किंमत स्वस्त नाही. दुसरं टीकेएस, म्हणजे पंखावर बर्फ साचू न देणारी यंत्रणा. याच्या पंखाला गरम हवा नाही, लीडिंग एजमधून ग्लायकॉल पाझरतं, बर्फात शिरायच्या आधी चालू करायचं, टाकीत किती उरलंय ते पायलटने बघायचं आणि उतरल्यावर चिकट पॅनल आम्ही पुसायचं. एक्सएलएसला पंखावर ब्लीड एअर आहे, ती कटकट नाही.
तिसरं सगळ्यात मोठं. हॉकर बीचक्राफ्ट २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि जेटची लाइन बंद पडली, २०१४ पासून टेक्स्ट्रॉनकडे आहे. पार्ट मिळतात, पण ८५०एक्सपी आता कुठलंही घ्या, वयस्कच असणार. आयात करायला विमानाच्या वयाची मर्यादा असते, डीजीसीएचं (विमान वाहतूक महासंचालनालय) सीएआर, म्हणजे नियमावली, आजच्या तारखेची वाचा आणि मग ब्रोकरचा फोन उचला. एक्सएलएसमध्ये २००४ नंतरची बरीच निवड आहे, पुढचं एक्सएलएस+ पण बघा.

उलवे_एफओ
खूप धन्यवाद सर, ताई, दादा. ब्रोकरने वयाबद्दल तोंडातून एक शब्द काढला नव्हता. एक राहिलं, नवी मुंबईचा रनवे ३,७०० मीटरचा आहे, तिथून निघालो तर लांबीची चिंता नाही ना? मला घरापासून जवळ पडेल म्हणून पण विचारतोय, खोटं कशाला बोलू. आणि उन्हात साहेब येईपर्यंत केबिन थंड ठेवायला दोन्हीत एपीयू (मुख्य इंजिनं बंद असताना वीज आणि एसी देणारं छोटं इंजिन) आहे का?

वाशीवाली
एपीयू दोन्हीत आहे. उन्हाळ्यात ती बंद पडली तर फ्लाइट कॅन्सल केलेली बरी, साहेब शिजतात. ३,७०० मीटर दोघांनाही भरपूर, पण तू निघायच्या रनवेचं विचारतोयस, पोचायच्या रनवेचं विचार. आणि सांताक्रूझला पीक अवर्समध्ये आपल्यासारख्यांना उडू देत नाहीत, रात्रीचं पार्किंग मिळवणं वेगळीच मारामारी, तेव्हा विमान ठेवणार कुठे हे साहेबांना आधी विचारून घे. वागळे इस्टेटहून ऐरोली मार्गे उलव्याकडे यायला ते तयार आहेत का, हेही.

स्पॅनर_ऐरोली
आणि प्री-बाय इन्स्पेक्शन झाल्याशिवाय टोकन देऊ देऊ नका. लॉगबुकं स्कॅन करून आधी मागवा, जुनी पानं सोडून देतात लोक. इन्स्पेक्शनसाठी ब्रोकर सांगेल ते हँगर घेऊ नका, आपलं निवडा.