झपाटलेला हॉरर की कॉमेडी? ग्रुपमधे भांडण लागलंय, निकाल द्या

गच्चीवाला

मंडळी, एक निकाल लावून द्या. उन्हाळा आहे, नागपुरात दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नाही, म्हणून आम्ही मित्र शनिवारी रात्री नंदनवनात एकाच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून पिक्चर पाहून राहिलो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून ठेवायचं नाहीतर फरशी रात्री दहालाही चटके देते, टाकीच्या पाइपाला चादर बांधायची आणि बसायचं. दर शनिवारी एक प्रकार ठरवतो. थ्रिलर झाले, गँगस्टरवाले झाले, या शनिवारी हॉरर आहे आणि तिथंच घोडं अडलं.

एकानं यादीत झपाटलेला टाकला. दुसरा म्हणे काहून बे, लक्ष्याचा पिक्चर हॉरर कसा काय, कॉमेडीच्या शनिवारी दाखव. पहिला म्हणे अबे बाहुल्यात खुनी माणसाचा जीव शिरते आणि तू त्याले कॉमेडी म्हणतं? मग तिसऱ्यानं तुंबाडवर बोट ठेवलं की तो पण हॉरर नाही, ती लोभाची गोष्ट आहे, आजी भयंकर दिसते म्हणून काय झालं. आता कामधंदे सोडून एकमेकांना व्हॉइस नोट पाठवून राहिले सगळे.

तर पिक्चर कोणत्या खान्यात टाकायचा हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि तुमच्या आवडीचे एकदोन पिक्चर पण सांगा, जे कोणत्याच खान्यात नीट बसत नाहीत. मराठी हिंदी काहीही चालते. फक्त "जॉनर वगैरे काही नसते, पिक्चर चांगला नाहीतर वाईट" असं कोणी लिहू नका, ते आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं आणि त्याले ग्रुपमधून काढलं आहे.

काळी मांजर

सोपं आहे भाऊ. पिक्चरमधून एक गोष्ट काढून टाकायची आणि कथा उभी राहते का पाहायचं. झपाटलेलामधून लक्ष्याचे सगळे विनोद काढ. काय उरलं? गुंड मरता मरता मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो आणि ज्याला आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात जायसाठी त्याच्या मागं लागतो. हा तर १९८८ चा चाइल्ड्स प्ले झाला, आणि तो पिक्चर कोणी कॉमेडी म्हणून पाहत नाही. आता उलटं कर, बाहुला काढ. उरला एक शब्दभ्रमाचे खेळ करणारा भोळा पोट्टा आणि त्याचा इन्स्पेक्टर मित्र, कथा अर्ध्या तासात आटपते. म्हणजे सांगाडा हॉररचाच आहे, महेश कोठारेंनी १९९३ मधे त्यावर कॉमेडी चढवली एवढंच.

तुंबाडले पण हेच लाव. हस्तर काढला की सोन्याच्या मोहरा गेल्या, मोहरा गेल्या की लोभ कशाचा करणार? तिथं लोभाला पोसणारी वस्तूच राक्षसाच्या लंगोटात आहे. म्हणून हॉरर. तुमच्या तिसऱ्या मित्राला सांग की थीम वेगळी आणि जॉनर वेगळा, लोभ ही थीम आहे. शोलेची थीम मैत्री आहे म्हणून त्याले कोणी फ्रेंडशिप फिल्म म्हणत नाही.

संत्राबर्फी

मांजरभाऊ, सांगाडा पाहायला आपण पिक्चरला जातो का, की एक्स-रे काढायला?

तुमचं गणित कागदावर बरोबर आहे पण पिक्चर कागदावर नसतो ना. मी बघते की भीतीचा सीन झाल्यावर पिक्चर किती वेळ तिथं थांबतो. झपाटलेलामधे बाहुला मान वळवतो, आपल्या पोटात गोळा येतो, आणि लगेच लक्ष्याचा चेहरा येतो, ती त्याची भेदरलेली बोबडी वळलेली अवस्था, की आपण हसतो. दर वेळी दिग्दर्शक स्वतःच आपल्याला सोडवतो. हसू हेच तिकडे सुटकेचं दार आहे म्हणून ती कॉमेडी, भले कथा कुठूनही आलेली असो. याच्या उलट लपाछपी घ्या (२०१७, पूजा सावंत). सगळीकडे ऊस, भरदिवसा ऊन, अंधार नाही काही नाही, आणि ती गरोदर बाई त्या उसातून वाट काढते तेव्हा तुम्हाला कोणी सोडवायला येत नाही. कॅमेरा हलतच नाही तिथून. त्यात मुलगी नको म्हणणाऱ्या घरांची गोष्ट आहे, म्हणजे "सामाजिक" म्हणायला पण जागा आहे, तरी कोणी त्याला सामाजिक चित्रपट म्हणत नाही. त्याच्याच दिग्दर्शकानं, विशाल फुरियांनी, २०२१ मधे हिंदीत छोरी केला, तो पण हॉरर म्हणूनच विकला गेला.

बाकी लहानपणी मी रामदास पाध्येंच्या त्या बाहुल्याला जाम घाबरायची हे कबूल. आमच्या शोकेसमधे जत्रेतून आणलेली एक बाहुली होती, आईला ती उलटी करून ठेवायला लावली होती मी. पण लहान पोरं काय, कशालाही घाबरतात, माझा भाचा वॉशिंग मशीनला घाबरतो.

गच्चीवर लपाछपी लावा. बाजूला कोणाचा प्लॉट रिकामा असेल आणि गवत वाढलेलं असेल तर सोन्याहून पिवळं.

काळी मांजर

ताई, मग 'स्त्री' पिक्चरचं काय? तिथं पण दर भीतीवर हसू आहे आणि २०१८ पासून सगळं जग त्याले हॉरर-कॉमेडी म्हणून राहिलं.

संत्राबर्फी

हॉरर-कॉमेडी हा जॉनर नाही, दोघांचं भांडण मिटवायला बिल्डरनं मधे घातलेली भिंत आहे. तुम्हाला एक शनिवार निवडायचा आहे, कॉमेडीचा की हॉररचा. निवडा.

जुना प्रेक्षक

तुम्हा पोरांची चर्चा वाचून मजा आली. माझं वय सत्तरीच्या घरात, पंचशील आणि लिबर्टी टॉकीजच्या काळातला माणूस, तेव्हा चूकभूल देणेघेणे.

तुम्ही सगळे खाने बाहेरून आणलेले वापरून राहिले आणि मग आपले पिक्चर त्यात कोंबता, म्हणून ते बसत नाहीत. आपल्याकडे आपले खाने होते बाबांनो. पौराणिक, ऐतिहासिक, संतपट, तमाशापट, कौटुंबिक. जाहिरातीवर पाटी वाचली की घरातलं कोण कोण येणार हे ठरायचं. संतपट लागला की आजी तयार, तमाशापट लागला की आजी घरी आणि वडील "कामानिमित्त" बाहेर. प्रभातचा संत तुकाराम १९३६ चा, पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आता सांगा त्याला काय म्हणाल, बायोपिक? म्युझिकल? फँटसी? त्यात विमान येऊन तुकोबा वैकुंठाला जातात. तो संतपटच आहे, दुसरा शब्द चालतच नाही.

तमाशापटाचं तर विचारू नका. सांगत्ये ऐका १९५९ मधे लागला तो पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. आता १३१ आठवडे तर सोडा, १३१ शो चालले तरी पेढे वाटतील लोक. या एका पिक्चरनं पुढची कित्येक वर्षं मराठी सिनेमाला फड, पाटील आणि मास्तर यांच्यातच फिरवलं, ते चांगलं झालं की वाईट यावर आमच्या वेळी अशीच भांडणं व्हायची. आणि खरी गंमत पिंजराची. १९७२, शांतारामबापूंचा, डॉ. लागूंचा पहिला चित्रपट. लोक लावण्या बघायला गेले आणि एका मास्तराचा सत्यानाश बघून बाहेर आले. मूळ कथा जर्मनीच्या ब्लू एंजलची, १९३० ची, पण इथं तमाशाच्या फडात अशी काही मुरली की परकी वाटतच नाही. तेव्हा मांजरभाऊ, सांगाडा परका असला म्हणून पिक्चर त्या खान्यातला होत नाही. हे तुमच्या झपाटलेलालाही लागू आहे.

माझ्या आवडीचा म्हणाल तर पिंजराच. कोणत्या शनिवारी लावायचा ते तुम्ही ठरवा, मी जिने चढून यायला तयार आहे.

फुटाळ्याचा वारा

काका एक नंबर 🙏

माझा मुद्दा वेगळा आहे. नागपुरात बसून ही चर्चा सुरू आहे आणि झुंडचं नाव कोणी घेतलं नाही याचं वाईट वाटून राहिलं. २०२२ ला आला तेव्हा सगळ्या रिव्ह्यूत "स्पोर्ट्स ड्रामा" लिहिलं होतं, आणि माझे काही मित्र त्याच हिशेबानं गेले आणि इंटरवलनंतर वैतागले, म्हणे फुटबॉलची मॅच कुठं आहे. अबे मोठी मॅच तर आधीच होऊन जाते! कॉलेजच्या टीमसोबतची, ती जबरदस्त आहे, पण स्पोर्ट्स फिल्ममधे असा सामना शेवटच्या वीस मिनिटांत येतो ना, स्कोअरबोर्ड, स्लो मोशन, शेवटच्या मिनिटाचा गोल. नागराज मंजुळेनं तो मधेच उरकला आणि नंतरचा पिक्चर कागदपत्रांचा केला. पासपोर्ट पाहिजे, त्यासाठी पुरावा पाहिजे, पोलिसांचं पाहिजे. ज्या पोराकडं जन्माचा दाखला धड नाही त्याच्यासाठी तोच खरा सामना आहे आणि त्यात समोरची टीम दिसतच नाही. ऑफिसातून ऑफिसात फिरवतात तो भाग पाहताना मला तर श्वास अडकल्यासारखं झालं, कारण आमच्या मोहल्ल्यात एका दाखल्यासाठी माणूस कसा झिजतो हे आपण रोज पाहतो.

आणि ते झोपडपट्टी आणि कॉलेजच्या मधली भिंत! विजय बारसे सरांनी इथल्याच पोरांना घेऊन जे उभं केलं त्यावर पिक्चर आहे, स्लम सॉकर नाव आहे संस्थेचं, सर हिस्लॉप कॉलेजला होते. त्यात काम केलेले किती तरी पोट्टे आपल्या गावचेच. अमिताभ आहे म्हणून त्याचा पिक्चर समजून जाऊ नका, तो बऱ्याचदा नुसता बाजूला उभा राहून पोरांना बोलू देतो, मला वाटते त्याच्या बऱ्याच वर्षांतल्या कामात हे सगळ्यात शहाणं काम आहे.

तर संत्राबर्फी ताईच्या नियमानं, पिक्चर जास्त वेळ कुठं थांबतो ते बघितलं तर झुंड स्पोर्ट्स फिल्म नाहीच.

काळी मांजर

आणि माझ्या नियमानं फुटबॉल काढला तर झुंड उरतच नाही, म्हणून स्पोर्ट्स फिल्म आहे 😌

फुटाळ्याचा वारा

फुटबॉल काढून क्रिकेट टाक, कबड्डी टाक, गाणं टाक, पासपोर्टची लाइन तीच राहते भाऊ.

एक तारीख पुढची

वकील आहे, त्यामुळं नाव पाहून हसू नका.

फुटाळावाल्या भाऊंनी चांगला धागा काढला. कोर्ट (२०१४) घ्या, चैतन्य ताम्हाणे. व्हेनिसला बक्षीस, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, सगळं झालं. कोर्टरूम ड्रामा म्हणून लोकं लावतात आणि अर्ध्या तासात विचारतात की "ड्रामा कधी सुरू होणार?" होणारच नाही! हिंदी पिक्चरमधे वकील टेबलावर हात आपटतो तसं आमच्याकडं काही होत नाही. साक्षीदार येत नाही, तारीख पडते. जजसाहेब कपड्यांवरून बाईला परत पाठवतात. सरकारी वकील बाई जुन्या कायद्याची कलमं एकसुरी वाचत राहतात आणि मग लोकलनं घरी जाऊन स्वयंपाक करतात. मी हा पिक्चर पाहिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी माझं ऑफिस दाखवलं. शेवटाकडे सुट्टी लागते, माणसं निघून जातात, एकेक दिवे बंद होतात आणि पडद्यावर नुसता अंधार. कोणी संवाद म्हणत नाही, पार्श्वसंगीत नाही. भीतीदायक पिक्चर कोणता विचाराल तर मी हा सांगेन, लंगोटातला राक्षस परवडला.

त्यातले नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. आयुष्यभर चळवळीतला माणूस, २०२१ मधे कोरोनानं गेले. त्यांना डफावर बघून जो कोणी म्हणेल की हा अभिनय आहे त्यानं परत पाहावा.

एक प्रॅक्टिकल सूचना. कोर्ट घरात पाहायचा असेल तर कूलर बंद करा. आमच्या घरी कूलरच्या आवाजात त्या पिक्चरची सगळी शांतता वाहून गेली, बायको म्हणे आवाज वाढवा, म्हटलं काय वाढवू, कोणी बोलून नाही राहिलं. गच्चीवर तो प्रश्न नाही, पण लग्नाची तिथी पाहून घ्या, कोपऱ्यावरच्या लॉनचा डीजे कोणताही जॉनर खाऊन टाकतो.

यवतमाळवाली

मी सहसा लिहित नाही, वाचते फक्त. पण खान्यात न बसणारा पिक्चर विचारला म्हणून सांगते, गाभ्रीचा पाऊस. २००९, सतीश मनवर. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला असतो आणि अलकाला भीती बसते की आपला नवरा पण तसंच करेल, म्हणून ती पोराला त्याच्या मागं मागं पाठवते, त्याच्या पानात चांगलंचुंगलं वाढते, आणि नवऱ्याला कळतच नाही की अचानक आपले एवढे लाड काहून होऊन राहिले. गिरीश कुलकर्णी त्या पुरणपोळीकडं संशयानं बघतो ना, त्या सीनला आमच्याकडं सगळे हसले. आणि मग एकदम कोणीच हसेना. माझे बाबा उठून बाहेर गेले, कापसाचीच शेती आहे आमची.

संत्राबर्फी ताई, तुम्ही म्हणता हसू हे सुटकेचं दार. इथं हसूच आत ओढतं. मग हा कॉमेडीचा शनिवार का? आणि अजून एक, आपली वऱ्हाडी बोली पिक्चरमधे आली की ती हसवायलाच आलेली असते, नोकर नाहीतर हवालदार बोलतो ती. या पिक्चरमधे ती बोली घरातली माणसं बोलतात, रडतात पण तिच्यातच. मला तर तो त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटते.

संत्राबर्फी

यवतमाळवाली, माझ्याकडं उत्तर नाही याला. आज रात्री पुन्हा बघते, मग बोलते.

गच्चीवाला

बाप रे, भाजी आणायला गेलो तर इकडं एवढं होऊन गेलं.

ग्रुपवर वाचून दाखवलं सगळं. ठरलं असं की या शनिवारी आधी लपाछपी, मग तुंबाड. तुंबाडवाला अजून मानून नाही राहिला, पण २०२४ मधे पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गर्दी झाली ती लोभाचं प्रवचन ऐकायला झाली का, असं विचारल्यावर गप्प झाला. झपाटलेला सध्या बाहेर ठेवला आहे, ज्यानं टाकला होता तो रुसला आहे, म्हणे मी येतच नाही, आणि प्रोजेक्टर त्याचाच आहे 😐

पुढच्या शनिवारी "खाना नसलेले" असा नवीन प्रकार काढू, त्यात कोर्ट आणि गाभ्रीचा पाऊस. झुंड एकट्यानंच तीन तासांच्या जवळपास खाते, त्याला वेगळी रात्र लागेल. आणि जुना प्रेक्षक काका, पिंजरा तुम्ही म्हणाल तेव्हा, जिन्याला कठडा आहे, दोन पोट्टे खाली पाठवतो.

काळी मांजर

प्रोजेक्टरवाल्याचं ऐका बे, झपाटलेला लावा. तीन वाक्यांत माझा मुद्दा पुन्हा सांगू का?

फुटाळ्याचा वारा

नको.