बी विंगचा डबा, दिवस तिसरा

बी 204 वहिनी: सुप्रभात 🙏 आज तिसरा दिवस, ओल्या कचऱ्याचा डबा तसाच, झाकणावर अळ्या फिरताहेत. फोटो टाकत नाही, लोक नाश्ता करत असतील. कचरावाल्या ताई का येत नाहीयेत??

सेक्रेटरी: ताई रोज येतात. वर्गीकरण नसेल तर उचलत नाहीत. हे मी गुरुवारीही लिहिलं होतं.

सी 601 काका: खताचा पिट चालू करा. मिळकतकरात 5 टक्के सवलत मिळते. किती वर्षं बोंबलतोय.

बी 103: दर महिन्याला पैसे देतो ना आपण? मग उचलायला नको?

ए 302 वहिनी: पैसे देतो म्हणजे उपकार करतो का. काल मी खालीच होते, तिने पिशवी सोडली तर शिळ्या पोळ्यांखाली दोन डायपर, साध्या कागदातही गुंडाळलेले नाहीत. 2016 पासून कचऱ्याच्या नियमात आहे की हे वेगळं बांधून द्यायचं, त्यावर लाल ठिपका करा म्हणून तिने तीनदा सांगितलं. आणि तिची जास्तीची कमाई सुक्या कचऱ्यावर, आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला काय देणार?

बी 103: रोख आमच्यावर आहे का? बाळ काय एकट्या आमच्याकडेच नाहीये.

ए 302 वहिनी: मी कुणाचं नाव घेतलं नाही.

ए 101: बाळाचे की आजोबांचे ते आधी ठरवा 😂

बी 304 आजोबा: मी ग्रुपवर आहे.

ए 101: सॉरी काका 🙏🙏

सी 601 काका: पिट. 5 टक्के. सौर पण केलं तर 10.

सेक्रेटरी: काका, पिटमध्ये गणपतीचं मखर आणि तुमचा कूलर आहे.

सी 601 काका: कूलर चालू आहे.

बी 103: आधीच्या सोसायटीत सगळं एकत्र द्यायचो, गाडी घेऊन जायची, काही अडत नव्हतं.

ए 302 वहिनी: जायची कुठे? उरुळी देवाचीच्या कचरा डेपोत. माझं माहेर शेजारचं फुरसुंगी. डेपोने पाणी नासवलं, दारात विहीर असून टँकरची वाट बघत हंडे लावलेत आम्ही. आमच्याकडच्यांनी गाड्या अडवल्या की तेवढ्यापुरतं पुण्याला कळायचं कचरा जातो कुठे ते.

बी 204 वहिनी: विषय बी विंगच्या डब्याचा आहे.

वॉचमन: ताई आल्यात. बी विंगचं कुणीतरी खाली या म्हणतात, समोर वेगळा करून द्या तरच नेणार

बी 204 वहिनी: माझे हात कणकेत आहेत

बी 103: कॉलवर आहे

सी 601 काका: म्हणूनच म्हणतो, पिट

बी 304 आजोबा: मी उतरतो. लिफ्ट बंद आहे, तिला पाच मिनिटं थांबायला सांगा.